वैशाखातला गारवा आणि विजेचे बिल



वसंत व्याख्यानमाला म्हटली की पश्चिमेकडच्या माणसाला मोगरा, पन्हे आणि झुळूक आठवते. आपल्या वऱ्हाडात वसंत फार थोडे दिवस मुक्कामाला असतो. होळी पेटून विझली की ऊन दारात येऊन बसते आणि मृगाचे ढग दिसेपर्यंत उठत नाही. आपली व्याख्याने दिवे लागल्यावर ठेवावी लागतात, यातच सगळे आले. तेव्हा या मालेत उन्हाविषयी आणि उन्हाच्या खर्चाविषयी बोलावे, यात वावगे काही नाही.

थंड देशांत एक प्रश्न फार वर्षांपासून चर्चेत आहे. हिवाळ्यात घर उबदार ठेवायला कोळसा, तेल, गॅस किंवा वीज लागते. गरीब घराला तो खर्च झेपत नाही, आणि मग म्हाताऱ्या माणसांना ‘जेवायचे की शेकायचे’ यातून एक निवडावे लागते. तिकडच्या सरकारांनी या प्रश्नावर कायदे केले, भत्ते सुरू केले, त्यांवर वादही घातले. आपल्याकडे चिखलदऱ्याच्या डोंगरावर आणि मेळघाटातल्या कोरकू पाड्यांवर पौष-माघात थंडी कडक पडते, हे खरे. पण तिथे चूल आणि जळण हाच आधार असतो, बिल येत नाही. अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर मात्र हाच प्रश्न उलटा होऊन उभा आहे. तिकडे ऊब महाग, इकडे गारवा महाग. तिकडे शेगडी, इकडे कूलर. प्रश्न एकच : जगण्यापुरते हवामान विकत घ्यावे लागते, आणि ज्याच्या खिशात कमी असते त्याला ते सर्वांत महाग पडते. हे कसे घडते आणि त्यावर उपाय काय, हे आज मी माझ्या परीने उलगडून सांगणार आहे.

गारवा ही चैन नव्हे

प्रथम एका आक्षेपाचे उत्तर देतो, कारण तो बाजूला झाल्यावाचून पुढचे बोलणे कानांत शिरत नाही. पुष्कळ सुखवस्तू माणसे म्हणतात, ‘आमच्या आज्या-पणज्यांकडे कुठे होता कूलर? ते जगलेच ना?’ जगले, पण ते कसल्या घरात जगले ते पाहा. जुन्या वऱ्हाडी घराला हातभर जाडीच्या मातीच्या भिंती होत्या, वर धाब्याचे माळवद होते, अंगणात कडुनिंब होता, दारात पऱ्हाट्यांचा किंवा तट्ट्यांचा मांडव होता आणि ज्याला परवडे त्याच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती. मातीचे माळवद दिवसभर ऊन पिते आणि आत फार उशिरा पोचवते. आज मजुराचे घर म्हणजे चार विटांच्या भिंती आणि वर टिनाचा पत्रा. पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, आणि पत्र्याखालची खोली ही भाकरीची जागा होते. अंगणही उरलेले नाही, बाहेर बाज टाकून झोपायला जागा नाही, आणि बाईमाणसाला तर उघड्यावर झोपण्याची सोयच नाही. घर बदलले, मग माणसाने जुन्या घराचा नियम कसा पाळावा?

दुसरे असे की ऊन आता नुसते त्रासाचे राहिलेले नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लावले. दंगलीच्या वेळी लावायचे हे कलम उन्हासाठी लावावे लागले. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंख्याची सोय करून द्यावी, भर उन्हाच्या वेळेत खाजगी शिकवण्या घेऊ नयेत, असे त्या हुकमात होते. कामाच्या जागी पंखा हवा, हे सरकारने मान्य केले याचा आम्हा संघटनेच्या माणसांना आनंद झाला. पण मग मी विचारतो : दिवसभर डाळ मिलमध्ये किंवा बाजार समितीत पोती वाहिलेला हमाल रात्री ज्या खोलीत पडतो, तिथे पंख्याची आणि कूलरची सोय कोणी पाहायची? शरीराला दिवसाचे ऊन सोसते ते रात्री ते थंड होते म्हणून. रात्रीही पत्रा धगधगत असेल, झोप लागत नसेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला चक्कर येते, आणि आपण म्हणतो, ‘ऊन लागले.’ ऊन दिवसा लागते, पण त्याची तयारी रात्री झालेली असते.

इथल्या गिरण्या चालू होत्या, त्या दिवसांची आठवण जुन्या कामगारांना असेल. सूतखात्यात हवा ओलसर आणि बेताच्या उष्णतेची राखावी लागे, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. धाग्यासाठी यंत्रे बसवून हवा सांभाळली जाई. त्यात गैर काही नव्हते. मला एवढेच म्हणायचे आहे की धाग्याला जी काळजी मिळाली ती धागा जोडणाऱ्यालाही मिळावी.

तीन पायांचे तिवई

ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन या विदुषींनी १९९१ साली या विषयावर ग्रंथ लिहून ‘इंधनाचे दारिद्र्य’ ही कल्पना नीट मांडली. तिचे सार माझ्या शब्दांत असे : हा प्रश्न तीन पायांवर उभा असतो. पहिला पाय म्हणजे अपुरी मिळकत, दुसरा महाग वीज किंवा इंधन, आणि तिसरा वाईट घर, जे ऊब किंवा गारवा धरून ठेवत नाही. यांपैकी एकाच पायाकडे पाहून उपाय केला तर तिवई लंगडी राहते. आता हे तिन्ही पाय आपल्या मातीत रोवून पाहू.

मिळकतीचे पाहा. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा चढू लागला की उतरतो. तूर-हरभऱ्याची आवक फाल्गुन-चैत्रापर्यंत जोरात असते. मग बाजारही सुस्तावतो. बांधकामावरचा मजूर दुपारी काम करू शकत नाही, म्हणून त्याचा रोज अर्धा होतो किंवा दिवस बुडतात. म्हणजे वर्षात ज्या महिन्यांत विजेचा खर्च सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यांत हाती पैसा सर्वांत कमी. शिवाय मे महिन्याचे बिल हातात पडते जूनमध्ये, जेव्हा शाळा उघडण्याच्या तोंडावर वह्या, गणवेश आणि दप्तरे घ्यायची असतात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

घराचे वर सांगितलेच. राहिली वीज. तिचे थोडे सविस्तर सांगतो, कारण बिलाचा कागद हा आपल्या लोकांना कोर्टाच्या कागदासारखा वाटतो. आकडा पाहायचा, कपाळाला हात लावायचा आणि पैसे भरायचे किंवा भरायचे नाहीत, एवढेच होते. कागद वाचता आला पाहिजे.

बिल कसे तयार होते

बिलात मुख्यतः पाच गोष्टी असतात. एक, स्थिर आकार. तो वीज वापरा की न वापरा, द्यावाच लागतो. दोन, वीज आकार. म्हणजे वापरलेल्या युनिटांची किंमत. तीन, वहन आकार. तारांवरून वीज आणल्याचे भाडे. चार, इंधन समायोजन आकार; कोळसा किंवा बाहेरची वीज महाग-स्वस्त झाली की हा वर-खाली होतो. आणि पाच, वीज शुल्क. हा राज्य सरकारचा कर आहे, आणि घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के बसतो.

वीज आकार सरसकट एका दराने लागत नाही. पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० पर्यंतची त्याहून पुष्कळ वरच्या दराने, पुढे ५०० पर्यंत आणखी वरच्या, असे टप्पे आहेत. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून मी हिशेबाला सोपे आकडे घेतो. वीज आणि वहन मिळून पहिला टप्पा ५ रुपये आणि दुसरा १० रुपये धरा. खरे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, पण दुसरा टप्पा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता एका खोलीचा संसार घ्या. साधे दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, दिवसाचे १६ तास चालले तर रोज २.४ युनिटे होतात, महिन्याला ७२. दिवे आणि टीव्ही मिळून महिन्याला १२ धरा. बेरीज ८४. हे कुटुंब पहिल्या टप्प्यात आहे. वीज आणि वहनाचे होतात ४२० रुपये.

एप्रिल उजाडतो आणि कूलर लागतो. मोटर आणि पाण्याचा पंप मिळून २०० वॅट धरा, १२ तास चालवा. रोज २.४ युनिटे, महिन्याला पुन्हा ७२. एकूण १५६. पहिल्या शंभरांचे ५०० रुपये, वरच्या छपन्नांचे ५६० रुपये, मिळून १०६०. युनिटे दुपटीहून कमी वाढली, पण रक्कम अडीचपट झाली. त्यावर १६ टक्के शुल्क म्हणजे सुमारे १७० रुपये, आणि स्थिर आकार वेगळा. आपले लोक म्हणतात, ‘मीटर पळते.’ बहुतेक वेळा मीटर पळत नसते. टप्पा बदललेला असतो. पळाले ते माणसाचे पाकीट.

टप्प्यांची ही रचना मुळात गरिबासाठीच आहे, हे मी नाकारत नाही. थोडी वीज वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग, हे न्यायाचे तत्त्व आहे. पण हे टप्पे महाबळेश्वरला जेवढे तेवढेच मूर्तिजापूरला, आणि डिसेंबरात जेवढे तेवढेच मे महिन्यात. जास्त वापर म्हणजे जास्त श्रीमंती, असे हे गणित धरून चालते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात जास्त वापर म्हणजे जास्त ऊन, एवढाच त्याचा अर्थ असतो.

याहून कठोर गोष्ट दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाची आहे. त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त असा वेगळा वर्ग आहे. अट अशी की वर्षाला ३६० युनिटांच्या आत, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटे, एवढाच वापर व्हावा. नुसता कूलर अडीच महिने चालवला की १८० युनिटे गेली. वर्षाचा निम्मा वाटा संपला. वर्षाचा आकडा ओलांडला की तो ग्राहक पुढल्या वर्षी साध्या घरगुती वर्गात जातो, आणि एकदा गेला की त्याला परत घ्यायचे नाही, असा नियम दरपत्रकात लिहिला गेला आहे. एका कडक उन्हाळ्यात लेकरांना गारवा दिला, म्हणून कुटुंब कायमचे सवलतीच्या बाहेर! कागदोपत्री त्याची गरिबी मात्र हटली.

बिलाची आणखी एक शेपटी आहे. सुरक्षा ठेव ही वर्षाच्या वापराच्या सरासरीवर काढतात. उन्हाळ्यातल्या युनिटांनी सरासरी चढते आणि जादा ठेवीची मागणी येते. उन्हाळा संपतो, पण त्याचे बिल पावसाळ्यातही मागे लागते.

कूलरचे शास्त्र आणि आपले पाणी

कूलर कसा चालतो हे सांगणे इथे अवश्य आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते, म्हणून पाणी भराभर उडते आणि हवा चांगली गार होते. मृगाचे ढग आले, हवा दमट झाली की तोच कूलर नुसता वारा फेकतो. म्हणजे कूलर हे वऱ्हाडाच्या हवेला मानवणारे, वातानुकूलन यंत्राच्या मानाने फार थोडी वीज खाणारे यंत्र आहे. त्याला चैनीच्या वस्तूंत मोजणे अडाणीपणाचे आहे.

पण त्याला पाणी लागते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या मोठ्या भागात, खारपाणपट्टा आहे. तिथले बोअरचे पाणी कूलरमध्ये घातले की ताट्यांवर क्षार बसतो, वारा अडतो, मोटर जास्त ओढते आणि लोखंडी टाकी दोन-तीन उन्हाळ्यांत सडते. नळाचे पाणी काही दिवसांआड येते, ते पिण्याला पुरवायचे की कूलरला, हा बायांपुढचा रोजचा सवाल. तेव्हा गारव्याचा खर्च मोजताना वीज, पाणी आणि दुरुस्ती असा तिहेरी मोजला पाहिजे.

आणि ही वीज येते कुठून? अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठला २७० मेगावॅटचे पाच संच म्हणजे १३५० मेगावॅटचा कारखाना उभा आहे, आणि त्याचे पाणी ऊर्ध्व वर्धा धरणाचे. धूर विदर्भाच्या छातीत. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आता विजेलाही लागू झाली आहे.

बाहेरच्या देशांनी काय केले

ब्रिटनने १९९७ साली म्हाताऱ्यांसाठी हिवाळी इंधन भत्ता सुरू केला. वय झाले की भत्ता, गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. २०२४ साली तिथल्या सरकारने खर्च वाचवायला तो फक्त अगदी गरीब पेन्शनरांपुरता ठेवला, आणि सुमारे एक कोटी वृद्ध एका फटक्यात बाहेर पडले. गरीब पण यादीत नाव नसलेले असे पुष्कळजण त्यात भरडले गेले. लोकांचा रोष एवढा झाला की २०२५ मध्ये वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत मिळकत असलेल्या सर्वांना तो परत द्यावा लागला. यातून घ्यायचा धडा असा : यादी फार बारीक चाळणीने केली की गहूही खाली पडतात. आपल्याकडची दारिद्र्यरेषेची यादी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

त्याच देशात दुसरी एक योजना आहे, ती मला अधिक पसंत आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात एखाद्या भागात लागोपाठ सात दिवस सरासरी तापमान शून्यावर किंवा त्याखाली गेले, किंवा जाण्याचा अंदाज आला, की तिथल्या ठराविक गरजू कुटुंबांच्या खात्यात आपोआप २५ पौंड जमा होतात. अर्ज नाही, दाखला नाही, साहेबाची सही नाही. हवामानखात्याचा पारा हाच दाखला. आपल्या हवामानखात्याची अकोला आणि अमरावतीची नोंद रोज प्रसिद्ध होते. पारा उलट्या दिशेने वाचायचा, एवढाच फरक.

अमेरिकेत १९८१ पासून गरीब घरांच्या ऊर्जाखर्चाला मदत करणारी केंद्राची योजना आहे. ती थंडीतून आणि तेलाच्या महागाईतून जन्मली, म्हणून तिचा बहुतेक पैसा उबेवर जातो. गारव्याला फार थोडा मिळतो. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात उष्म्याने ७०० च्या वर माणसे दगावली, त्यांत एकटे राहणारे गरीब म्हातारे पुष्कळ होते. अ‍ॅरिझोना राज्यात थकबाकीपायी वीज तोडल्यावर उष्म्याने मृत्यू झाल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा २०१९ साली तिथल्या आयोगाने १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात घरगुती वीज तोडण्यास मनाई केली. श्रीमंत देशालाही माणूस मेल्यावर शहाणपण आले. आपण त्याआधी घ्यावे.

आपल्या शेजारचे उदाहरण अहमदाबादचे. २०१० च्या उष्म्याच्या लाटेत तिथे फार माणसे दगावली; त्यानंतर २०१३ साली महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम पुढे हाती घेतले. १९७२ साली इला भट यांनी उभी केलेली ‘सेवा’ ही स्त्री-कामगारांची संघटना तिथलीच. तिने उन्हाचा विमा काढला. पारा ठराविक रेषेच्या वर गेला की सभासद स्त्रीच्या खात्यात पैसे. २०२४ च्या उन्हाळ्यात सुमारे ४६ हजार स्त्रियांना प्रत्येकी ४०० रुपयांच्या आसपास मिळाले. रक्कम लहान आहे, परंतु कामगार संघटना मजुरीच्या पलीकडे पाहू शकते, याचा हा दाखला आहे.

आज कायद्याने काय मिळते

विद्युत अधिनियम २००३ सालचा आहे. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक वस्तीत पाठ असाव्यात.

पहिली : कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन पुरते १५ दिवस थांबावे लागते. तोंडी धमकी म्हणजे नोटीस नव्हे. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

दुसरी : कलम ४३. घरमालकालाच नव्हे, तर जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागता येते. भाडेकरूला उपमीटरवर मालक मन मानेल तो दर लावतो, आणि त्याला पहिल्या शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्याचा फायदाच मिळत नाही. स्वतंत्र मीटर हा त्यावर उपाय आहे.

तिसरी : तक्रार. कंपनीच्या कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथेही नाही लागली तर विद्युत लोकपाल. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीपूर्वी बिलावर दोन गोष्टी पाहाव्यात. रीडिंग किती दिवसांचे आहे? महिन्याऐवजी जास्त दिवसांचे असेल तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून मिळाले पाहिजेत. आणि रीडिंग खरोखर घेतले की सरासरीने बिल काढले? दोन महिने सरासरी आणि तिसऱ्या महिन्यात एकदम सगळी युनिटे, असे झाले तर ती युनिटे मागच्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ मागावा. संघटनेच्या कामात मी सभासदांची बिले पुष्कळ वाचली आहेत. ज्यांना ‘मीटर पळते’ वाटत होते, त्यांतल्या काहींचे दुखणे नेमके इथे सापडले.

चौथी : कलम ६५. एखाद्या वर्गाला सवलत द्यावी असे राज्य सरकारला वाटले, तर ती देण्याचा अधिकार त्याला आहे. अट एवढीच की सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. म्हणजे ‘कायद्यात बसत नाही’ हे उत्तर खोटे आहे. दिल्लीने २०१९ मध्ये २०० युनिटांपर्यंत बिल माफ केले, कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आली; ती याच वाटेने.

मागणी काय करावी

मी सरसकट फुकट विजेचा पुरस्कर्ता नाही. फुकट वस्तूला वाली नसतो, आणि कंपनीचा खड्डा शेवटी कामगाराच्या पगारातूनच भरला जातो. माझी मागणी मोजकी आणि ऋतूपुरती आहे.

एक : ज्या जिल्ह्यांत उन्हाळा घातक आहे, तिथे एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत पहिला टप्पा १०० ऐवजी २०० युनिटांचा करावा. वरच्या हिशेबात १५६ युनिटांना १०६० ऐवजी ७८० रुपये होतात. शुल्क धरून महिन्याला सुमारे ३२५ रुपये वाचतील, तीन महिन्यांचे हजाराच्या आत. एवढी रक्कम सरकारने कलम ६५ प्रमाणे आगाऊ भरावी. दोन : याच महिन्यांत छोट्या ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क माफ करावे. हा सरकारचा स्वतःचा कर आहे; त्यासाठी आयोगाकडे जाण्याचेही कारण नाही. तीन : दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाची ३६० युनिटांची मोजणी करताना उन्हाळ्याची युनिटे वगळावीत आणि ‘एकदा बाहेर म्हणजे कायम बाहेर’ हा नियम काढावा. चार : १ एप्रिल ते १५ जून या काळात ३०० युनिटांच्या आतल्या घराची वीज तोडू नये, बाकी पावसाळ्यानंतर हप्त्यांनी घ्यावी, कारण दिवाळीला हंगाम सुरू होतो आणि मजुराच्या हाती पैसा येतो.

कुणी म्हणेल, याचा पैसा कुठून? उष्माघाताचा रोगी सरकारी दवाखान्यात येतो, मजुराचे दिवस बुडतात, घर सावकाराकडे जाते, हाही खर्चच आहे; तो फक्त अंदाजपत्रकात दिसत नाही.

सौर छपराची केंद्राची योजना २०२४ मध्ये आली, किलोवॅटला ३० हजार रुपयांची मदत आहे. ती चांगली आहे. पण तिला स्वतःचे आणि बळकट छप्पर लागते. भाड्याच्या टिनाखाली राहणाऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून पाचवी मागणी महापालिकांकडे : फाल्गुनातच गरीब वस्त्यांतल्या पत्र्यांना चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. त्याने आतली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते. दोन-पाच अंश म्हणजे रात्री कूलर दोन तास आधी बंद करता येणे.

आपण काय करावे

सरकारकडे बोट दाखवून आपले हात मोकळे होत नाहीत. नव्या पद्धतीचा पंखा ३० वॅटच्या आसपास वीज खातो. दोन जुने पंखे बदलले तर १६ तासांच्या हिशेबाने महिन्याला ४२-४३ युनिटे वाचतात. १५६ चे ११४ होतात, म्हणजे घर जवळजवळ पहिल्या टप्प्यात परत येते. उन्हाळ्याच्या एका महिन्यात शुल्कासह पाचशेच्या आसपास रुपये वाचतात. दोन पंख्यांना सहा हजार पडले तरी बाकीच्या महिन्यांची बचत धरून अडीच वर्षांच्या आसपास पैसे फिटतात. पण गरिबाकडे एकदम सहा हजार नसतात, म्हणून तो स्वस्त पंखा घेतो आणि महाग वीज जाळतो. इथे पतसंस्थेने पुढे यावे. घाऊक खरेदी करावी, सभासदाला दहा-बारा हप्ते द्यावेत. हमाल-माथाडींसाठी १९६९ चा कायदा लढून मिळवणाऱ्या चळवळीला एवढे जड जाऊ नये.

प्रत्येक वस्तीत शाळा शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने रविवारी बिले वाचून द्यावीत. कूलरची ताटी दर उन्हाळ्यात बदलावी, टाकी धुवावी, कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवावा आणि समोरची झडप थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत कूलर चालवला तर हवा दमट होऊन गारवा मरतो. आणि नवतप्याच्या दिवसांत शेजारी एकटे म्हातारे माणूस असेल तर बिलाच्या भीतीने त्याने पंखा बंद केला नाही ना, हे रोज दार वाजवून पाहावे.

तात्पर्य एवढेच. आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, कामाच्या जागी पाणी, या गोष्टी एके काळी चैनीच्या यादीत होत्या. कामगारांनी त्या हक्काच्या यादीत आणल्या. वऱ्हाडातल्या मजुराला मे महिन्यात रात्री चार तास शांत झोप मिळावी, ही त्याच यादीतली पुढची ओळ आहे. ती लिहायची असेल तर बिलाचा कागद उलटून, नीट वाचून, दहाजणांनी मिळून अर्ज करण्यापासून सुरुवात करावी लागेल. पुढचा उन्हाळा लांब नाही. अर्ज पावसाळ्यातच लिहायला घ्या.